एका माठाचं पाणी

लिडियाचा गळा हलला. एकदा, आणि लगेच पुन्हा एकदा. नागापूरच्या कारखान्यातली रात्रपाळी उरकून सायकल मारत आलेला दानीएल ख्रिस्ती मंडळीच्या देवळाच्या मागच्या खिडकीशी उभा होता, एक पाय पायडलवर, एक जमिनीवर, आणि गजांतून त्याला आपली आठ वर्षांची पोरगी स्वच्छ दिसत होती. दोन्ही हातांत पोचे पडलेला ॲल्युमिनियमचा पेला, डोळे मिटलेले, मान जराशी वर, आणि गळ्यावरून खाली सरकत गेलेला घोट.  प्यायली! कार्टी प्यायली! इतकं शिकवून, इतकं बजावून शेवटी प्यायलीच! आत शिरावं, पेला हिसकावून घ्यावा, तिच्या घशात बोटं घालून तिला ओकायला लावावं, असं सगळं त्याच्या मनात एका दमात येऊन गेलं. पण तो जागचा हलला नाही. आत पोरं ओळीनं चटईवर बसली होती, दारातल्या खुर्चीवर म्हातारे याकोब मास्तर काठीवर हनुवटी टेकून डुलक्या घेत होते, आणि या उन्हाळी शाळेचा चिटणीस म्हणजे खुद्द दानीएल. चिटणिसानंच सगळ्यांदेखत आपल्या पोरीच्या तोंडचं पाणी काढून घेतलं तर मंडळीत त्याची काय किंमत राहील? तेव्हा गडी उभा राहिला. सकाळचंच ऊन, पण मान भाजत होती. पोरीच्या पोटात काय गेलं असेल याचा हिशोब करत, आणि आपण उभे आहोत हे कुणाला दिसत तर नाही ना हेही बघत, तो उभा राहिला.

गावात कॉलरा होता. पेपरात लिहून येत होतं की ही साथ जगभर फिरते आहे, पार इंडोनेशियाकडून निघून देशोदेशी हिंडत आली आहे. नगरातले लोक मात्र तिला नुसतं वांत्या-जुलाब म्हणत, जणू पुरतं नाव घेतलं तर ती हाक मारल्यासारखी घरात येईल. त्यात बहात्तरचा पाऊस गेलेला आणि त्र्याहत्तरचा उन्हाळा डोक्यावर. नळ आला तर आला. सगळ्या जिल्ह्यातली माणसं खडी फोडायला रस्त्यावर आलेली. अशा दिवसांत पोरांची उन्हाळी शाळा भरवायची की नाही, यासाठी मंडळीतल्या आईबापांची सभा देवळात बसली होती. कुणी म्हणालं, यंदा बंद ठेवा, जीव राहिला तर पुढच्या वर्षी भजनं म्हणता येतील. कुणी म्हणालं, बंद ठेवाल तर पोरं काय घरात बसणार आहेत? रानोमाळ हुंदडतील, कुठल्या तरी विहिरीच्या तळाला उतरतील, डबक्यातलं पाणी ओंजळीनं पितील. इथं निदान डोळ्यांसमोर असतात. बायका पदराशी चाळा करत एकमेकींकडे बघत होत्या. प्रत्येकीच्या मनात तागडी होती आणि तिच्यात आपापलं एकच पोर बसवलेलं होतं. दुसऱ्याच्या पोराचं वजन कोण करतो? मग एसटीतला कंडक्टर छगन उभा राहिला आणि साधी गोष्ट बोलला. म्हणाला, शाळा भरवा, पण ज्यानं त्यानं आपल्या पोराबरोबर घरचं उकळलेलं पाणी बाटलीतून द्यावं. नळाला पाणी नाही म्हणून माठ आवारातल्या आडाच्या पाण्यानं भरतात, आणि त्या आडाला आता पाणी कमी नि गाळ जास्त आहे, हे तर सगळ्यांनाच दिसतंय.

बाटली म्हटल्याबरोबर सगळ्यांच्या माना याकोब मास्तरांकडे वळल्या. कारण त्या मंडळीची एक चाल होती, आणि ती चाल देवळाच्या भिंतीपेक्षा जुनी. उन्हाळी शाळेत पाण्याचा माठ एक, पेला एक. आपलं पाणी आपण घ्यायचं नाही. शेजारच्या पोरानं ओगराळ्यानं पेला भरायचा आणि आपल्या हातात द्यायचा, आणि हातात आलेला पेला नाही म्हणून परत करायचा नाही. आजोबा-पणजोबांनी हे ठरवलं होतं, ज्यांना गावच्या विहिरीवर कुणी चढू दिलं नव्हतं, ज्यांनी जन्मभर वरून ओतलेलं पाणी खाली बसून प्यायलं होतं. याकोब मास्तर काठी टेकत उठले. त्यांचा आवाज कापत होता. "छगन, लेका, घरून बाटली आण म्हणतोस? तुझं पाणी वेगळं, माझं वेगळं? अरे, याच्यातून उठून तर आलो आपण. आता आपल्याच लेकरांना आपण शिवायचं नाही का?" छगन मान खाली घालून बसला तो पुन्हा उठला नाही. आणि तेव्हा दानीएल उभा राहिला. का उभा राहिला हे त्याला पुढं बऱ्याच वेळा आठवून बघावं लागलं. येत्या निवडणुकीत मंडळीचा वडील, म्हणजे कारभारी पंच, म्हणून निवडून यायचं होतं, हे खरं. पण तेवढंच नव्हतं. तिसगावच्या बाजारात बापाबरोबर गेलेला लहानगा दानीएल त्या क्षणी त्याच्या अंगात उभा राहिला होता. हॉटेलाच्या पायरीखाली उकिडवा बसलेला, ओंजळ तोंडाशी धरलेली, आणि वरून तांब्याची धार. धार मुद्दाम इकडेतिकडे होत होती. पाणी नाकात गेलं, कोपरावरून ओघळून सदऱ्याच्या बाहीत शिरलं, आणि वरचा माणूस हसला. शेजारी त्याचा बाप मात्र शेवटच्या थेंबापर्यंत पीत राहिला होता, मान न उचलता.

म्हणून दानीएल बोलला, आणि काय बोलला! "आपल्या मंडळीत पाणी वेगळं होणार नाही. मरण यायचं तर ते बाटलीतूनही येतं. पण लेकरांच्या मनात एकदा वेगळेपण शिरलं, तर त्याला कुठलंही औषध नाही. आडात लाल औषध टाकू. आणि दुष्काळ आहे, तेव्हा यंदा आणखी एक नियम. हातात आलेल्या पेल्यातला थेंबही सांडायचा नाही. जो सांडेल त्याला भजनाला उभं करणार नाही." माणसांचे डोळे भरून आले. याकोब मास्तरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सभा सुटली तेव्हा खांबाआड बसलेली एक बाई पुढं आली. झुंबरबाई तिचं नाव. जामखेडकडची, नवरा गेलेला, दोन पोरी पदराशी, दुष्काळी कामावर खडी फोडायला नगरात आलेली. थोरली विजयमाला लिडियाच्याच वयाची आणि तिच्या शेजारीच चटईवर बसणारी. झुंबरबाईनं विचारलं, "दादा, तुमी शिकलेली मानसं हाय. माजी इजू कामावर संगं न्यावी का हितं ठिवावी? तिकडं टँकरचं पानी येतंय, औषीद घातल्यालं असतंय म्हनत्यात. पर ऊन लई हाय. काय करू?" दानीएलच्या अंगात अजून भाषणाची ऊब होती. "झुंबरबाई, बिनघोर पाठवा. माझी लिडिया येतेच की." झुंबरबाईचा चेहरा एकदम सैल झाला. तिच्या वतीनं कुणीतरी विचार करून दिला होता.

घरी दयानं चुलीवर पातेलं ठेवलेलंच होतं. पाण्याला उकळी फुटत होती. तिनं नवऱ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "तुमचं भाषण ऐकलं मी. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. आता सांगा, लिडियाचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?"

"तिला पाठवायची नाही."

"चिटणिसाची पोरगी घरात आणि बाकीच्यांची माठावर? अगं, तोंड दाखवायला जागा राहील का?"

"तोंड तुमचं आहे, पोरगी माझी आहे." दयानं पातेल्यावर झाकण आपटलं. मग खालच्या आवाजात, "एक झाली, तिच्यावर दुसरी झाली नाही, माहीत आहे ना तुम्हाला? मला नका सांगू तुमचे आजोबे-पणजोबे."

दानीएलला तिचा राग आला नाही, हीच तर गंमत. उलट हायसं वाटलं. आपल्याला जे बोलायचं होतं ते ती बोलली, आता आपल्याला फक्त ऐकून घ्यायचं आहे. युक्ती मात्र त्यालाच सुचली. मिशनच्या बोर्डिंगात असताना दर शनिवारी मेट्रन पोरांना रांगेत उभं करून एरंडेल पाजायची, आणि ते न पिता प्यायल्याचं दाखवण्यात दानीएल पटाईत होता. त्यानं लिडियाला जवळ घेतलं, स्टीलचा पेला काठोकाठ भरला. "हे बघ. ओठ घट्ट मिटायचे आणि पेला नुसता टेकवायचा. पाणी ओठांना लागलं तरी आत येऊ द्यायचं नाही. डोळे मिटायचे, म्हणजे खूप तहान लागलीय असं वाटतं. आणि गळा हलवायचा. नाहीतर कळतं. तोंडात थुंकी गोळा करायची आणि ती गिळायची. कर बघू." लिडियानं केलं. पहिल्यांदा हसू फुटून पाणी नाकात गेलं. दुसऱ्यांदा हनुवटी ओली झाली. मग जमलं. दयानं टाळ्या वाजवल्या. तिघं स्वयंपाकघरात बसून हा खेळ खेळत राहिली. एकानं प्यायचं किंवा फसवायचं आणि बाकीच्या दोघांनी ओळखायचं. घरात एवढं हसू कितीतरी दिवसांनी झालं होतं. "आणि हे कुणाला सांगायचं नाही," दानीएल शेवटी म्हणाला. "विजूलासुद्धा?" "विजूलासुद्धा नाही. कुणालाच नाही." लिडियानं मान हलवली. शहाणी पोर. सकाळी निघण्याआधी घरचं उकळलेलं पाणी पोटभर प्यायचं, दुपारी घरी आल्यावर पुन्हा प्यायचं, मधे नाही. मे महिन्यातली सकाळ ती, पण पोरीनं कधी कुरकुर केली नाही.

आणि आता खिडकीशी उभ्या दानीएलला कळत नव्हतं की ती प्यायली की नाही. आपणच शिकवलेली लबाडी आपल्याला ओळखता येऊ नये? शाळा सुटेपर्यंत तो रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली सायकल धरून थांबला. रात्रीच्या जागरणानं डोळे चुरचुरत होते, कानांत यंत्रांची घरघर अजून होती. मन एकदा इकडे धावत होतं, एकदा तिकडे. एक पेला. एका पेल्यानं काय होतं? बाकीची पोरं रोजच पितात. मग त्याला एकाएकी जाणवलं की बाकीची पोरं रोज पितात हा विचार आपल्याला धीर देतोय, आणि तो विचार त्यानं माशी हाकलावी तसा हाकलून लावला. लिडिया बाहेर आली ती विजयमालाच्या गळ्यात हात टाकून. विजूचा झगा दयानंच दिलेला, लिडियाचाच जुना. बापाला बघून लिडिया पळत आली. त्यानं तिला सायकलच्या दांडीवर बसवलं, जरा पुढं नेलं, आणि मग आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "लिडू, आज प्यायलीस?" तिनं मान वळवून वर पाहिलं. डोळ्यांत शुद्ध आनंद होता. "थुंकी होती, पप्पा! तुम्ही पण फसलात?" दानीएलचा जीव भांड्यात पडला. तो इतक्या जोरात हसला की सायकल डगमगली. भर रस्त्यात त्यानं तिच्या टाळूचा मुका घेतला. किती हुशार पोर दिलीस रे देवा, असंच काहीसं तो पुटपुटला असणार. मागं फाटकाशी विजू एकटीच उभी होती आणि हात हलवत होती.

चार-दोन दिवस गेले आणि पोरांना साथ लागायला सुरुवात झाली. याकोब मास्तरांच्या नातवाला जुलाब लागले, तो वाचला. छगनच्या मुलीला लागले, तीही सलाईनवर वाचली. विजयमालाला सकाळी लागले आणि दिवस मावळायच्या आत ती संपली. मुळात अंगावर मांस नाही, दुष्काळानं आधीच चोखून घेतलेली पोर. दवाखान्यातून निरोप घेऊन माणूस आला तेव्हा दानीएल जेवत होता. हातातला घास हातात राहिला, आणि त्याच्या मनात जो पहिला शब्द उमटला तो असा होता: आपली नाही. मग लगेच दुसरं, की युक्ती लागू पडली. अगदी असंच, कारखान्यात एखादा जुना पट्टा ताण देऊन बसवावा आणि यंत्र सुरू व्हावं तसं. दया म्हणाली, "बघा. मी म्हणत नव्हते?" तिच्या आवाजात जिंकल्याचा सूर होता. तो तिचा तिलाच ऐकू आला असावा, कारण तिनं पदर तोंडात कोंबला आणि मोरीकडे जाऊन ती रडली. दानीएलनं धावाधाव केली. सुताराकडून लहान पेटी करून आणली, पाळकांना बोलावलं, पेटीची एक बाजू स्वतः खांद्यावर घेतली. पेटी फार हलकी होती. कबरस्तानात लोक म्हणाले, दानीएलसारखा माणूस नाही. शाळा बंद झाली, पोरांनी माठ आडाशेजारी पालथा घातला. माठावर कुणी बोट ठेवलं नाही. पोरं हजार ठिकाणी पाणी पितात. याकोब मास्तर म्हणाले, देवाची इच्छा. दानीएलही तेच म्हणाला.

मग झुंबरबाईचा निरोप आला. लिडियाला एकदा घेऊन या, मला तिला बघायचंय. दया आडवी आली. "पोरीला तिकडं न्यायची नाही. त्याच घरात झालंय ते." दानीएल म्हणाला, "बोलावलंय. नाही नेलं तर काय म्हणेल?" पुन्हा तीच तागडी, पुन्हा तेच दोघं. शेवटी दयानं लिडियाला दारातच दोन पेले पाणी पाजलं आणि म्हणाली, "तिथं काही घ्यायचं नाही हं." लिडिया म्हणाली, "माहीत आहे गं मला." मालधक्क्याच्या मागं पत्र्यांची वस्ती होती. झुंबरबाईच्या खोपटात वाकून जावं लागे. आत एक चूल, एक घागर, दोरीवर वाळत टाकलेला लिडियाचा जुना झगा. धाकटी पोर, चार वर्षांची सुवार्ता, उंबऱ्यापाशी अंगठा चोखत बसली होती. पत्रा तापलेला, आणि खोपटात घामाचा नि फिनेलचा वास. झुंबरबाईनं लिडियाला पुढ्यात बसवलं, तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, आणि मग दानीएलकडे बघून बोलायला लागली. रडत नव्हती. रडून झालेलं होतं.

"दादा, तुमास्नी म्हाईत न्हाई, म्हनून बोलावलं. माजी इजू रोज घरी येऊन सांगायची. म्हनायची, आई, लिडी मला सोताचा पेला देती. तोंडाला लावती आन् गपचिप मला देती. म्हनती, तू पी, मला न्हाई लागत. रोज, दादा. असल्या उन्हाचं, आन् पान्याची ही अशी दशा. सख्खी बहीन देत न्हाई. म्या दिसभर खडीवर, घरात पानी असलं तर असलं. पर माज्या लेकीला तितं दोन-दोन पेले पोटभर मिळायचं, ते तुमच्या लेकीमुळं. काय बी झालं तरी एक हाय, दादा. तान्हेली न्हाई गेली माजी पोर." आणि तिनं वाकून लिडियाच्या पायांना हात लावला. आठ वर्षांच्या पोरीच्या.

दानीएलनं लिडियाकडे पाहिलं. ती लाजली होती. कौतुक झालं की पोरं लाजतात तशी, मान खाली, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत. मग बापाला सगळं नीट समजावं म्हणून हळूच म्हणाली, "सांडायचं नव्हतं ना, पप्पा." खोपटाचा पत्रा उन्हानं कुठंतरी टणकन वाजला. त्यानं तिला ओठ शिकवले होते, डोळे शिकवले होते, गळा शिकवला होता. पेल्यात उरलेल्या पाण्याचं काय करायचं ते शिकवलं नव्हतं. ते तिचं तिनं शोधलं होतं, त्याच्याच दोन्ही नियमांना धरून. प्यायचं नाही आणि सांडायचं नाही. मग ते जाणार कुठं? शेजारच्या पोरीकडे. त्याला खिडकीतला तो सगळा क्षण पुन्हा दिसला, आणि त्याच्या पुढचाही, जो त्यानं तेव्हा पाहिला होता पण पाहिलाच नव्हता. गळा हलला, लिडियानं डोळे उघडले, आणि काठोकाठ भरलेला पेला जपून, थेंब न सांडता, विजूच्या हातात गेला. तिसगावच्या पायरीवरून पाणी ओतणारा माणूस निदान वर उभा राहून, हसून ओतत होता. दानीएल जायला उठला.

"बसा, तुमी बसा दादा, असं कोरड्या तोंडी जाऊ नगा," असं म्हणत झुंबरबाई उठली. तिनं घागरीतून पेला भरला आणि लिडियाच्या हातात दिला. हातात, चालीप्रमाणं. लिडियानं एकदा बापाकडे पाहिलं. मग डोळे मिटले, मान जराशी वर केली, पेला ओठांना टेकवला. गळा हलला. किती सुरेख हलला! तिनं डोळे उघडले, आजूबाजूला पाहिलं, आणि सवयीनं, अगदी सहज, पेला उंबऱ्याशी बसलेल्या सुवार्तेपुढं धरला. सुवार्तेनं अंगठा तोंडातून काढला आणि ती घटाघटा प्यायली. "बगा, बगा," झुंबरबाईचे डोळे आता कुठं भरून आले. "सवयच हाय लेकराला."

पाणी उकळून द्या. एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. झुंबरबाई, त्या पोरीला पाणी उकळून द्या. शब्द जिभेवर आले होते, आणि त्यांच्या मागोमाग तिचा प्रश्नही त्याला ऐकू येत होता: उकळून? तुमच्यात उकळून पित्यात, दादा? कवापास्नं? मग त्या सभंत का न्हाई बोलला? मी इचारलं हुतं तुमास्नी. त्यानं तोंड उघडलं. झुंबरबाई थांबली, आपल्या शिकलेल्या दादाला काहीतरी सांगायचंय असं समजून तिनं कान दिला. "देव धीर देईल," दानीएल म्हणाला. "व्हय," ती म्हणाली, आणि दुसरा पेला भरून तिनं त्याच्यापुढं धरला. "घ्या." त्यानं घेतला. पाणी गार होतं, घागरीचा ओला वास येत होता, आणि त्याला खरंच तहान लागली होती. झुंबरबाई बघत होती, लिडिया तर डोळे बारीक करून बघत होती, स्वयंपाकघरातल्या त्या खेळात बघायची तशी. दानीएलनं डोळे मिटले आणि पेला तोंडाला लावला.

त्याचा गळा हलला. थुंकी होती.

लिडियाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. तिनं ओळखलं होतं. पेला तसाच भरलेला त्याच्या हातात होता, आणि थेंब सांडायचा नाही हा नियम त्यानंच केलेला होता. सुवार्तेनं उंबऱ्याशी बसूनच हात पुढं केला. त्यानं पेला तिच्या हातात दिला.